राखाडी ब्लाउजच्या मागावर: पोलंडमधले सहा दिवस

कोल्हापुरात महावीर उद्यानात फिरायला जाणाऱ्यांना तिथलं पोलिश लोकांचं स्मारक बघून माहीत असतं. त्यावर काय लिहिलंय ते थांबून वाचणारे कमी. मीसुद्धा कित्येक वर्षं त्याच्या आसपास बसून भेळच खाल्ली. नंतर कळलं की लग्नाच्या बस्त्याला आपण ज्या गांधीनगरला जातो, तिथे सिंधी निर्वासित येण्याआधी, १९४३ ते १९४८, सुमारे ५००० पोलिश निर्वासित राहत होते. वळिवड्याची छावणी ती हीच. बहुतेक बायका आणि पोरं. १९४० मध्ये सोव्हिएत राजवटीनं पूर्व पोलंडातून सैबेरियात हाकललेली, १९४१ च्या करारानंतर सुटलेली, कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणमार्गे हिंदुस्थानात आलेली. त्यांनी इथे शाळा काढल्या, चर्च बांधलं, नाटकं केली आणि स्काउट-गाइडची पथकंही चालवली.

मी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले स्काउट-गाइडचे गणवेश जमवतो. शाळेत ‘खरी कमाई’त लोकांच्या सायकली पुसल्या, तेव्हापासूनचा नाद. बायकोचं म्हणणं असं, की लोक जुने कपडे बोहारणीला देऊन भांडी घेतात आणि आमच्या घरी उलटा कारभार आहे. तरी या खेपेला, पोलंडला, ती बरोबर आली. ‘तुम्ही तिकडे काय काय उचलून आणाल, कुणीतरी लक्ष ठेवायला पाहिजे.’

दिवस पहिला, ३० जुलै: वॉर्सा

व्हिसा, विमान वगैरे सगळं सुरळीत झालं, फक्त आमची एक बॅग दुसऱ्याच गावाला गेली. ती तिसऱ्या दिवशी आली. तोवर माझ्याकडे एक शर्ट आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्च होता. टॉर्च हातातल्या पिशवीत ठेवायची बुद्धी झाली हे नशीब. त्याचं काम पुढे येईल.

दुपारी ‘बार म्लेच्नी’ गाठलं. शब्दशः दुधाचा बार, प्रत्यक्षात कम्युनिस्ट काळापासूनची स्वस्त खानावळ. काउंटरवर पैसे भरायचे, चिठ्ठी खिडकीत द्यायची, हाक आली की थाळी उचलायची. तिथे ‘झुरेक’ प्यायलो. राईचं पीठ आंबवून केलेलं आंबट सूप. पहिला घोट घेतला आणि म्हटलं, अरे, ही तर आपली आंबील! फक्त यात उकडलेलं अंडं आणि सॉसेज तरंगतं. बायको शाकाहारी, तिनं ‘पिएरोगी रुस्किए’ घेतले. बटाटा आणि चीज भरून उकडलेल्या करंज्या, वरून परतलेला कांदा. सहाही दिवस तिनं तेच खाल्लं आणि तक्रार केली नाही.

(शाकाहाऱ्यांसाठी: ‘रुस्किए’ हा शब्द पाठ करा. पण वरचा कांदा काही ठिकाणी डुकराच्या चरबीत परततात, आधी विचारा. ट्राममध्ये चढल्यावर तिकीट मशीनमध्ये घालून शिक्का मारायचा, नुसतं खिशात असून भागत नाही.)

संध्याकाळी ओखोता भागातल्या ‘भल्या महाराजांच्या चौका’त गेलो. हे महाराज म्हणजे नवानगरचे (आजच्या जामनगरचे) जामसाहेब दिग्विजयसिंहजी. १९४२ मध्ये त्यांनी बालाचडीला पोलिश अनाथ मुलांना आसरा दिला. ती छावणी १९४६ मध्ये बंद झाली तेव्हा बरीच मुलं आपल्या वळिवड्याला आली. चौक म्हणजे छोटीशी बाग. बाकावर एक आजोबा कुत्र्याला घेऊन बसलेले. साडेआठला सूर्य मावळला तरी ते तिथेच.

दिवस दुसरा, ३१ जुलै: ज्यांना गणवेशच नव्हता

वॉर्सा उठावाचं, म्हणजे १९४४ मध्ये पोलिश लोकांनी जर्मनांविरुद्ध केलेल्या बंडाचं संग्रहालय. जुन्या ट्रामच्या वीजघरात आहे, २००४ मध्ये उघडलं. आत शिरलं की भिंतीतून हृदयाचे ठोके ऐकू येतात. गर्दी भरपूर, कारण दुसऱ्या दिवशी उठावाला ८१ वर्षं पूर्ण होणार होती. (मंगळवारी बंद असतं. तीन तास तरी हातात ठेवा.)

माझ्या छंदाची खरी शिकवणी इथे झाली. जर्मनीनं पोलंड गिळला तेव्हा पोलिश स्काउटिंगवर बंदी आली. २७ सप्टेंबर १९३९ ला, म्हणजे वॉर्सा पडता पडताच, स्काउटांनी भूमिगत संघटना उभी केली. तिचं नाव ‘शारे शेरेगी’, राखाडी रांगा. सांकेतिक भाषा मधमाश्यांची: मुख्यालय म्हणजे मधमाश्यांची बाग, प्रांत म्हणजे पोळं, त्याखाली मोहोळ, मग कुटुंब. वयाप्रमाणे तीन गट. सगळ्यात लहान १२ ते १४ चा ‘झाविशा’. त्यांना लढाईपासून लांब ठेवायचं आणि युद्धानंतरचा देश बांधायला शिकवायचं असं धोरण. मधली मुलं रात्री भिंतींवर जहाजाच्या नांगराचं चिन्ह रंगवायची. ‘प’ आणि ‘व’ या पोलिश अक्षरांचा केलेला नांगर, अर्थ ‘लढणारा पोलंड’. ते चिन्ह काढणारीही एक गाइडच, आन्ना स्मोलेन्स्का.

आता यात गणवेश कुठे आला? भूमिगत पोरगा गणवेश घालून फिरला तर संध्याकाळी पावियाकच्या तुरुंगात. म्हणजे पोलंडमधल्या युद्धकाळातल्या स्काउटचा ‘अस्सल’ गणवेश म्हणजे साधा कोट, अर्धी चड्डी आणि चेहऱ्यावर काहीच न दाखवणं. ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती, पण काचेमागे त्या पोरांचे साधे स्वेटर बघेपर्यंत डोक्यात शिरली नव्हती.

१ ऑगस्ट १९४४ ला उठाव झाला तेव्हा स्ताव्की रस्त्यावरची जर्मन गोदामं हाती लागली. त्यात जर्मन सैन्याचे ठिपक्याठिपक्यांचे छद्मवेशाचे अंगरखे होते. पोलिश त्यांना ‘पान्तेर्का’ म्हणतात. स्काउटांच्या ‘झोश्का’ आणि ‘पारासोल’ तुकड्यांनी तेच चढवले. शत्रूचाच पोशाख अंगावर, म्हणून ओळखीला दंडावर पांढरी-लाल पट्टी. म्हणजे आपलं असं काय, तर ती वीतभर पट्टी. घरात सापडेल त्या चादरीतून शिवलेली, कुणाची रुंद, कुणाची अरुंद, लाल रंग कुणाचा विटकरी तर कुणाचा गुलाबी.

‘झाविशा’ची मुलं ६ ऑगस्टपासून टपाल वाटायला लागली. गटारांतून, तळघरांतून, रस्त्याच्या पलीकडे धावत. पत्र फुकट, पण २५ शब्दांत. ६३ दिवस उठाव चालला. बायको त्या टपालपेटीसमोर बराच वेळ थांबली. मग म्हणाली, ‘अहो, २५ शब्दांत काय लिहिलं असतं तुम्ही?’ मला काही सुचलं नाही. ‘तुम्ही नुसतं पोचलो असं लिहिलं असतं,’ तीच म्हणाली.

येताना पोदवाले रस्त्यावर ‘छोटा बंडखोर’ पुतळा बघितला. डोळ्यांवर येणारं मोठ्या माणसाचं शिरस्त्राण, हातात बंदूक, पायात मोठे बूट. १९८३ मध्ये स्काउटांनी वर्गणी काढून उभारला. त्यांचीही खरी कमाईच की.

दिवस तिसरा, १ ऑगस्ट

सकाळी पोवोंझ्कीची लष्करी दफनभूमी. ‘झोश्का’ तुकडीच्या थडग्यांवर बर्च झाडाच्या पांढऱ्या सालीचे साधे क्रॉस आहेत. रांगच्या रांग. वयं वाचत गेलं की १९, २०, १७. पाऊस भुरभुरत होता.

तिथे आजचे स्काउट सेवेला होते. म्हाताऱ्यांना पाणी द्यायचं, हात धरून पायऱ्या उतरवायच्या. चौदा-पंधरा वर्षांच्या एका मुलीनं मलाही पाण्याची बाटली दिली. मी स्काउटांच्या रीतीनं डावा हात पुढे केला. ती चमकली, मग हसून डाव्या हातानं हस्तांदोलन केलं आणि म्हणाली, ‘चुवाय!’ म्हणजे जागा राहा, सावध राहा. त्यांचं ‘तयार’ तेच. मी खिशातला भारत स्काउट-गाइडचा बिल्ला दिला. तिनं स्वतःच्या टोपीवरचा लिलीच्या फुलाचा बिल्ला काढायला घेतला तर मीच नको म्हटलं. पोरगी ड्यूटीवर आहे, तिचा गणवेश अर्धवट करून मी कसला संग्राहक?

पाच वाजता, उठाव सुरू झाला त्या वेळेला, शहरात भोंगे वाजले. ट्राम थांबल्या, मोटारींनी हॉर्न धरून ठेवले, माणसं जिथल्या तिथे. एक मिनिट. आमच्या शेजारी पिझ्झा घेऊन चाललेला सायकलवाला एक पाय जमिनीवर टेकून उभा. मिनिट संपलं आणि तो काही झालंच नाही असा निघून गेला.

दिवस चौथा, २ ऑगस्ट: कोवोचा बाजार

वोला भागातला कोवोचा जुना बाजार शनिवार-रविवारी भरतो. खुर्च्या, समोवार, पदकं, घड्याळं, दारांच्या कड्या. आपल्या चोरबाजारासारखा, पण आरडाओरडा नाही. उन्हं चढायच्या आत गेलात तर बरं. दहानंतर चांगला माल उरत नाही आणि बारानंतर विकणारे आवरायला लागतात.

नवख्या संग्राहकांसाठी थोडं. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च घ्या. कपडा पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती चमक आणणारी रसायनं युद्धानंतर सर्रास आली. ती असलेला धागा या टॉर्चखाली निळसर पेटतो. जुना सुती धागा थंड, मेलेला दिसतो. शिलाई बघा: कापड जुनं आणि दोरा पॉलिएस्टरचा असेल तर कुणीतरी हल्लीच बसून शिवलंय. पोलिश स्काउट क्रॉस (छातीवर लावायचा त्यांचा बिल्ला) घेताना मागची बाजू आधी बघा. युद्धापूर्वीच्या अनेक क्रॉसवर क्रमांक ठोकलेला असतो. पुढे एका बाजूला ओकची आणि दुसऱ्या बाजूला लॉरेलची पानं, आणि आडवं ‘चुवाय’. ओतीव नकलेत पानांच्या शिरा बुजलेल्या असतात. आणि जुन्या वस्तू देशाबाहेर न्यायला वस्तूचं वय आणि किंमत बघून परवाना लागू शकतो, तेव्हा महागाचं काही घेणार असाल तर आधी चौकशी करा.

दोन वर्षांपूर्वी मी घरबसल्या एक दंडपट्टी मागवली होती, ‘१९४४ ची, हमखास’. टॉर्च मारला तर नवरात्रातल्या मंडपासारखी पेटली. त्यामुळे इथे एका टेबलावर तशीच पट्टी दिसल्यावर मी टॉर्च काढला. मागचा म्हातारा हात हलवून म्हणाला, ‘कोपिया, कोपिया.’ नक्कल आहे. मग त्यानंच मला पट्टा दाखवला, लिलीचं बक्कल असलेला, आणि बोटांनी हवेत आकडे लिहिले: १९५६ नंतरचा. खऱ्यांचं काय झालं असं मी मोबाइलवर भाषांतर करून विचारलं. त्यानं दोनच गोष्टी केल्या. आगपेटीची काडी ओढल्याची खूण, आणि फावड्यानं खणल्याची. उठावानंतर जर्मनांनी वॉर्सा घरागणिक जाळलं, म्हणून काडी. नवीन राजवटीनं १९५० मध्ये जुनं स्काउटिंग गुंडाळून कम्युनिस्ट युवक संघटनेत घातलं, तेव्हा लोकांनी क्रॉस बागेत पुरले, म्हणून फावडं.

मी तो १९५६ नंतरचा पट्टाच घेतला. ७० झ्लोटी, म्हणजे सोळाशे रुपयांच्या आसपास. घासाघीस केली नाही.

त्याच बाजारात हिटलर युथचं, म्हणजे नाझींच्या युवक संघटनेचं सामानही असतं. चाकू, बिल्ले, तपकिरी शर्ट. बहुतेक नकली, कारण जगभर त्याला गिऱ्हाईक आहे आणि जिथे गिऱ्हाईक तिथे कारखाना. जर्मनीत नाझी चिन्ह चारचौघांत मिरवणं गुन्हा आहे. माझ्या ओळखीतले काहीजण ते जमवतात, इतिहास म्हणून, आणि त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही: १९३६ नंतर जर्मन पोराला त्या शर्टातून सुटका जवळजवळ नव्हती. पण माझ्या कपाटात तो शर्ट या पोरांच्या पट्ट्याशेजारी लटकणार नाही. एवढं माझं माझ्यापुरतं.

संध्याकाळच्या गाडीनं क्राकूफ. अडीच तास, खिडकीतून गव्हाची कापणी झालेली शेतं.

दिवस पाचवा, ३ ऑगस्ट: बाप्चा

रविवारी सकाळी क्राकूफच्या हाला तार्गोवापाशीही जुना बाजार भरतो. आम्ही तासाभरात उरकला, कारण खरं काम दुपारचं होतं.

काही वर्षांपूर्वी वळिवड्याच्या पोलिश रहिवाशांचे नातेवाईक कोल्हापुरात आले होते, तेव्हा माझ्या मित्रानं त्यांना गावभर फिरवलं. त्यातल्या एका मुलीशी माझा पत्रव्यवहार सुरू झाला. तिची आजी, वय ९१, नऊ ते तेरा वर्षांची होईपर्यंत वळिवड्याला होती. छावणीतले बरेच लोक पुढे इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियाकडे गेले. ही आपल्या आईबरोबर पोलंडला परतली.

चौथ्या मजल्यावरचा छोटा फ्लॅट. काचेच्या पेल्यात लिंबाचा चहा, सफरचंदाचा केक. आजीला सगळे ‘बाप्चा’ म्हणतात, आम्हीही म्हणालो. मी कोल्हापूरचा म्हटल्यावर तिनं माझ्याकडे बोट केलं आणि स्पष्ट विचारलं, ‘किती पैसे?’ बायको हसून हसून लाल. छावणीत केळी विकायला येणाऱ्या बाईला विचारायचा तो प्रश्न, ८० वर्षं तोंडात राहिलेला.

मग ती सांगायला लागली, नात इंग्रजीत करून देत होती. पावसाळ्यात छपरावर असा आवाज की बाई शिकवायच्या थांबायच्या. साप निघाला की सगळी छावणी गोळा. आणि शेकोटी. स्काउटांचे प्रमुख झ्जिस्वाफ पेश्कोव्स्की, सोव्हिएत पोलिसांनी केलेल्या पोलिश अधिकाऱ्यांच्या काटीन हत्याकांडातून वाचलेले अधिकारी, पुढे धर्मगुरू झाले. त्यांचं नाव निघालं तेव्हा बाप्चा खुर्चीत ताठ बसली.

नातीनं खोका आणला. टिश्यू पेपरात राखाडी ब्लाउज.

मी आधी हात धुऊन आलो. जाड सुती कापड, आपल्याकडच्या मांजरपाटासारखं, रंगवलेलं. शिवणीच्या आत रंग अजून गडद. आईनं हातानं शिवलेला. वाढत्या अंगाचा: खालच्या घडीत चार बोटं कापड दडवलेलं, बाह्यांच्या टोकाला दोनदा उसवून सोडल्याच्या जुन्या टाक्यांच्या रेषा. पाच बटणं, त्यातलं एक वेगळं, जरा मोठं, कुठल्यातरी विजारीचं असावं. डाव्या खिशावर क्रॉस लावायच्या जागी दोन भोकं, कडा दोऱ्यानं भरून घेतलेल्या.

परवानगी घेऊन टॉर्च लावला. ब्लाउज पेटला! सगळा, निळाशार, माझ्या त्या नकली पट्टीसारखा. माझ्या पोटात गोळा आला. नातीनं माझं तोंड बघून विचारलं काय झालं. सांगितल्यावर ती ओशाळली. तीन वर्षांपूर्वी एका प्रदर्शनाला द्यायचा म्हणून तिनं तो वॉशिंग मशीनमध्ये टाकला होता. नेहमीच्या पावडरीत. टॉर्चला काय, तो पावडरच बघतो.

मी कॉलर उलटी केली. आतल्या बाजूला, मानेशी, काळी खूण. एक उभी रेघ, तिला आडवी छोटी रेघ आणि खाली तीन ठिपके. ‘तो छावणीचा नंबर असेल, किंवा डाग,’ नात म्हणाली. ‘निघतच नाही.’

निघणार कसा? तो बिब्बा आहे. माझ्या आजोबांच्या प्रत्येक धोतराच्या टोकाला असली खूण असायची. परीट कपडे न्यायचा, कुणाचे कुणाचे ओळखायला घरागणिक वेगळी खूण करायचा. बिब्ब्याचा रस, वर चुना, की कापड फाटेल पण खूण जाणार नाही. अंगाला लागला तर उततो, म्हणून आजी आम्हाला त्याला हात लावू द्यायची नाही. हे सगळं नातीला इंग्रजीत, तिनं बाप्चाला पोलिशमध्ये. बाप्चानं ब्लाउज मांडीवर घेतला, कॉलर डोळ्यांजवळ नेली आणि डोक्यावर गाठोडं घेतल्याची खूण केली. आठवला म्हणे. गाढव होतं त्याच्याकडे. तिला गाढवाचं नावही आठवत होतं, पण ते पोलिश होतं, पोरांनीच ठेवलेलं.

विकत मागायचा विचार मनात होता, खोटं कशाला बोलू. बायकोनं टेबलाखालून पाय दाबला. नसता दाबला तरी मागितला नसता, असं मी तिला जिना उतरताना सांगितलं. तिनं विश्वास ठेवला नाही.

फोटो मात्र मनसोक्त काढले. आत-बाहेर, शिवणी, बटणं, मोजपट्टी लावून. (टिप: वस्तू मिळाली नाही तरी मोजमाप आणि शिवणीचे फोटो घ्या. पुढच्या नकला त्यांवरच पकडल्या जातात.)

दिवस सहावा, ४ ऑगस्ट

सकाळी परत वॉर्सा, विमान रात्रीचं. मधल्या वेळात क्रासिन्स्की बागेच्या कोपऱ्यावर इटलीतल्या माँटे कसिनोच्या लढाईचं स्मारक आणि त्याच्याच शेजारी वळिवडे-कोल्हापूरचं स्मारक. २०१७ मध्ये लागलं. परक्या देशात आपल्या गावाचं नाव दगडात वाचताना कसं वाटतं ते लिहिणार होतो, पण खरं सांगायचं तर तिथे जोराचा पाऊस आला आणि आम्ही ट्रामच्या शेडकडे पळालो. फोटोत माझं डोकं तुटलंय.

घरी आल्यावर आठवड्यानं गल्लीतल्या म्हाताऱ्या परटाला तो कॉलरचा फोटो दाखवला. मोबाइल हातात घेऊन त्यानं तो मोठा केला, लांब धरला, परत जवळ आणला.

‘बिब्बाच हाय,’ म्हणाला. ‘कुणाचं हो?’

सांगितलं. सैबेरिया, इराण, वळिवडे, क्राकूफ. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मोबाइल परत दिला.

‘आणि कापड अजून टिकलंय व्हय?’